सातवं पाणी पीत नाही

"पीत नाही गं मथुरे. सातवं काही केल्या पाणी पीत नाही," नाना म्हणाले आणि हातातला वायपर टेकून उभे राहिले.

सकाळचे सात वाजले असतील. आम्ही तिघं सहा वाजल्यापासून पाणी ढकलत होतो. मी, शेवंता आणि नाना. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, आभाळ लख्ख, बाकीची सतरा ग्रीनं कोरडी ठणठणीत, आणि हे एक बसलंय पाण्यात म्हशीसारखं. ढकललेलं पाणी कडेला जायचं आणि पाय उचलला की पावलाच्या खड्ड्यात पुन्हा भरायचं. माझे खांदे भरून आले होते. पितृपक्ष चालू होता, घरी सासऱ्यांचं पान वाढायचं होतं, आणि मी इथे लोकांच्या गवताची उठबस करत होते.

ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्रीन म्हणजे ज्या भोकात तो बॉल घालायचा, त्या भोकाच्या भोवतीची जागा. तिथलं गवत न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखं बारीक ठेवायचं. पण खरी मेख खाली असते. खाली आपल्या शेतासारखी जमीन नसते. तळाला भोकं पाडलेले पाइप, त्यावर खडी, खडीवर हातभर वाळू आणि त्या वाळूवर गवत. कितीही पाऊस पडो, दोन तासांत पाणी खाली उतरून पाइपाने नाल्याला लागलं पाहिजे. आमच्याकडे अशी अठरा होती. नाशिकच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याला तो क्लब झाला, तेव्हा अठराच्या अठरा ग्रीनांचे पाइप नानांनी उभं राहून घालून घेतले होते.

नाना म्हणजे सोपान लभडे. आमचे हेडमाळी. बावीस वर्षं झाली होती त्यांना तिथे, निवृत्तीला दोन राहिली होती. पंपहाउसच्या मागे एक खोली दिली होती क्लबने, तिथेच राहायचे. मूलबाळ नाही. गावचं घर भावांनी वाटून घेतलं होतं, आणि त्याच ज्येष्ठात त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या होत्या. तर ती खोली आणि ती अठरा ग्रीनं, एवढंच त्यांचं जग. मी बायकांच्या टोळीची मुकादम, शेवंता माझ्याच टोळीतली. रांगेत उकिडवं बसून खुरप्याच्या टोकाने ग्रीनमधलं तण उपटायचं, हे आमचं काम. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट ही. गुडघे तेव्हाच गेले माझे.

सव्वासातला क्लबचे सेक्रेटरी इनामदार साहेब त्यांच्या बॅटरीच्या गाडीतून आले. खाली उतरले नाहीत. बूट भिजले असते.

"लभडे, हे काय चाललंय?"

"बघतोय साहेब. पाइप तुंबला असेल."

"बघताय, बघताय, आठ दिवस तेच ऐकतोय. दसऱ्याला टूर्नामेंट आहे. बाहेरचे खेळाडू येणार. त्यांना काय होड्या देऊ?" त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यावर कमिटी बसलेली. "हे बघा, स्पष्ट सांगतो. शनिवारपर्यंत हे ग्रीन सुटलं पाहिजे. नाही सुटलं, तर कमिटी पुण्याच्या एका माणसाला बोलावतेय. तो हेडमाळी म्हणूनच येईल. मग त्याला तुमची खोलीही लागेल. मला आवडणार नाही, पण मी थांबवू शकणार नाही."

"हो साहेब," नाना म्हणाले.

गाडी गेली. शेवंता पचकन थुंकली. "मेल्याला होड्या सुचतात! इथे आमच्या कमरेचा काटा ढिला झाला."

पुढचे चार दिवस आम्ही कुत्र्यासारखे राबलो. नाल्याकडचं पाइपाचं तोंड उकरलं. त्यात मूठभर पाला आणि एक मेलेला बेडूक निघाला, बस. वरच्या तोंडातून पाणी सोडलं तर खालून स्वच्छ धार आली. नानांनी लांब सळई घातली, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता गेली. मग ग्रीनच्या कडेने गुडघाभर चर खणला. चरात पाणी आलं, पण मधलं पाणी जागचं हललं नाही. गवत पिवळं पडलं, मग तांबूस, आणि गुरुवारी त्याला वास यायला लागला. नासलेल्या अंड्यासारखा.

नाना दर संध्याकाळी कडेला बसून बघत राहायचे. जेवत नव्हते धड. मी एकदा भाकरी आणि मेथीची भाजी नेऊन दिली तर म्हणाले, "तिथे ठेव." सकाळी डबा तसाच होता, मुंग्या लागलेल्या. मला त्या माणसाची एवढी दया आली की काय सांगू. मनात म्हटलं, देवा, याची बायको नेलीस ते नेलीस, आता छप्पर तरी ठेव.

शनिवारी साहेब आले. या वेळी गमबूट घालून आले होते. बरोबर कोणी नाही.

"कप कापायचं हत्यार आणा," ते म्हणाले. "आत काय आहे ते बघू."

हे हत्यार म्हणजे एक धारदार नळकांडं. झेंडा लावलेलं ते बॉलचं भोक, म्हणजे कप, दर दोन-तीन दिवसांनी हलवावं लागतं, नाहीतर तिथलं गवत तुडवून मरतं. ते नळकांडं जमिनीत दाबून फिरवायचं, वीतभर मातीचा गोळा अख्खा बाहेर काढायचा. हे काम नाना दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

"त्याची काही गरज नाही साहेब," नाना म्हणाले. "पाइपाचंच आहे."

"पाइप मोकळा आहे असं तुम्हीच सांगितलंत ना?"

नानांनी मग हत्यार आणलं, पाण्यात गुडघे टेकले, दाबलं, फिरवलं आणि गोळा उपसून हातावर घेतला. वर गवताचं सालपट. त्याखाली दोन बोटं वाळू. आणि वाळूच्या मध्ये काळाशार चिकट थर, बोटभर जाडीचा. त्याच्या खालची वाळू सगळी कोरडी. पावसाळा संपत आला तरी कोरडी!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेवंताने मागून माझा दंड धरला. तिलाही कळलं होतं.

"हे काळं काय?" साहेबांनी विचारलं.

नानांनी तो गोळा हातात चुरगाळला. पार लगदा करून टाकला आणि हात पाण्यात धुतले. "कुजलेली मुळं आहेत साहेब. पाणी साचून राहिलं की अशी काळी होतात."

"पण साचलं कशाने?"

"वैशाखात पाइपाचं तोंड साफ करायचं असतं. मी केलं नाही." नाना उभे राहिले. गुडघ्यावरून चिखल ओघळत होता. "बायको आजारी होती. राहून गेलं. परवा मोकळं केलं, पण तोवर मुळं सडून थर धरला. माझी चूक आहे."

साहेब मग म्हणाले, "बावीस वर्षं तुम्ही काम केलंत, आणि हे? निदान कोणाला तरी सांगायचं होतं, लभडे." आणि गाडीकडे गेले.

वैशाखात ते तोंड नानांनी माझ्यासमोर साफ केलं होतं. पाटीभर चिखल मीच वाहून टाकला होता.

तो काळा थर माझा होता. मी घातला होता.

ज्येष्ठात, पावसाच्या आधी, ग्रीनला मशीनने बोटभर जाडीची भोकं पाडतात. हजारो भोकं. मग त्यात धुतलेली वाळू झाडूने भरायची आणि वर वाळूचाच एक हात फिरवायचा, म्हणजे पाणी उतरायला वाटा होतात. त्या वर्षी भोकं पाडून झाली आणि काकूंना सिव्हिलला नेलं. नाना गेले ते तेरावं उरकूनच आले. जाताना म्हणाले, "मथुरे, तुझ्या भरवशावर आहे." सतरा ग्रीनं नीट झाली. सातव्याची वाळू आलीच नाही. ट्रक आज येतो, उद्या येतो. भोकं उघडी, ऊन मी म्हणत होतं, गवत करपायला लागलेलं. आणि तेव्हाच चौदाव्याच्या बाजूच्या तळ्यातला गाळ काढत होते. गावचे लोक ट्रॅक्टर लावून नेत होते शेतात टाकायला. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. मी शेतकऱ्याची पोर. माझ्या बापाने आयुष्यभर तळ्याच्या गाळाची वाट पाहिली. एक वर्ष मिळाला तर बाजरी डोक्यावर गेली होती आमची. असं सोनं दोनशे पावलांवर पडलेलं, आणि इथे गवत उपाशी मरतंय! कोण गप्प बसेल? मी आणि शेवंताने गाळ वाळवला, कुटला, पिठाच्या चाळणीने चाळला आणि सगळ्या भोकांत भरून वर एक थर दिला. नंतर आठवड्याने वाळू आली, ती त्याच्यावर पसरली. पुरणपोळी करावी इतक्या मायेने केलं होतं आम्ही.

पंधरा दिवसांत सातवं असं हिरवं झालं की बघत राहावं. मेंबर लोक फोटो काढायचे. नाना कामावर आले त्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला. "लभडे, घरात एवढं दुःख, आणि तुम्ही हे ग्रीन असं ठेवलंत. मानलं तुम्हाला." मी तिथेच रांगेत बसले होते. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मान हलवली. मला वाटलं, मला शाबासकी दिली. दिवसभर हवेत होते मी. बाजरीला जे अमृत ते या गवताला विष, गाळ भिजून फुगला की वाळूच्या वाटा बुजवतो, हे मला कोण सांगणार होतं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"बये, तोंड उघडू नकोस," शेवंता म्हणाली. साहेबांची गाडी अजून वळणावर होती. "नानांनी झाकलंय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघींची कामं जातील."

"आणि त्यांची खोली गेली ते?"

"ते म्हातारे आहेत. आज ना उद्या जाणारच होते."

मी तिला फाडकन बोलले. काय बोलले ते इथे सांगत नाही.

नानांनी माझ्यासाठी आळ घेतला. माझ्यासाठी! सख्ख्या भावाने केलं नसतं ते. रविवार तसाच गेला. ताटातलं तसंच ठेवून उठले. नवऱ्याने विचारलं, त्याला म्हटलं पित्त झालंय. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पदर खोचला आणि सरळ साहेबांच्या ऑफिसात गेले.

"साहेब, सातव्यात मी गाळ घातला. तळ्यातला. नाना इथे नव्हते तेव्हा. त्याने पाणी अडलं. नानांची काही चूक नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "गाळ? तुम्हाला कोणी सांगितलं घालायला?"

"कोणी नाही. माझ्या मनाने घातला."

त्यांनी नानांना बोलावून घेतलं. नाना आले, माझ्याकडे बघितलं, आणि साहेबांनी सांगितलेलं ऐकून घेतलं. मग चक्क हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

"साहेब, बाईमाणूस आहे. माझी खोली जातेय म्हणून कळवळा आलाय तिला. कसला गाळ अन् कसलं काय? मी येऊन बघितलं असतं की नाही?"

"नाना, खोटं बोलू नका!" मी ओरडलेच. "शेवंताला विचारा."

"विचारा साहेब," नाना म्हणाले.

शेवंताला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मला काय ठाऊक नाही बाई. आम्ही वाळूच भरली."

साहेब माझ्याशी अगदी मऊ बोलले. त्याचाच जास्त राग आला. "मथुराबाई, तुमचं मन चांगलं आहे. पण असा आळ घेऊ नका स्वतःवर. जा, काम करा." बारा हजार भोकं मी माझ्या हाताने बुजवली होती, आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

गुरुवारी सकाळी नाना निघाले. सिन्नरला त्यांचा मावसभाऊ होता, त्याच्याकडे. टेम्पो दारात उभा. एक पेटी, एक गादी, काकूंची शिलाई मशीन. मी गेले आणि त्यांच्या पायाच पडले. रडू आवरेना.

"ऊठ," नाना म्हणाले. "ऊठ मथुरे, लोक बघतात."

"नाना, माझ्यापायी तुम्ही बेघर झालात. हे मी कुठे फेडू?"

ते पेटीवर बसले. फार थकलेले दिसत होते. "तुझ्यापायी नाही गं. उगाच डोक्यात घेऊ नकोस. तुझ्यासाठी केलं नाही मी ते."

"मग?"

"गाळाचं नाव निघालं असतं, तर साहेबांनी पुढचं विचारलं असतं. की लभडे, दर दोन-तीन दिवसांनी तू स्वतः कप कापतोस, गोळा हातात घेतोस. तुला तो काळा थर दिसला नाही?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. "नव्हता दिसला म्हणून सांगायचं," मी म्हणाले.

"दिसला होता."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. नानांनी त्याला हाताने थांब म्हणून खूण केली.

"कामावर आलो त्याच दिवशी दिसला. पहिलाच कप कापला आणि कळलं, मथुरीने गाळ घातलाय. तेव्हा पाऊस लागायला आठ-दहा दिवस होते. दहा बायका लावल्या असत्या तर चार दिवसांत खरवडून निघालं असतं सगळं. तुला सांगायलाच येत होतो. तेवढ्यात साहेब आले आणि सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. बावीस वर्षांत कोणी माझा हात हातात घेतला नव्हता, मथुरे. आणि ही जाऊन पंधरा दिवस झाले होते. म्हटलं, राहू दे दोन दिवस हिरवं. दोन दिवसांनी म्हटलं, अजून दोन दिवस. मेंबर येऊन पाठ थोपटायचे. मग पाऊस लागला."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू खरवडलं असतंस."

"खरवडलंच असतं!"

"तेच म्हणतोय मी."

मला काय झालं कोण जाणे. इतक्या दिवसांचं सगळं रडणं एका क्षणात आटलं आणि नुसता संताप आला. पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता माझा. लेकरांवर खेकसले होते, नवऱ्याशी खोटं बोलले होते, ऑफिसात जाऊन स्वतःची नाचक्की करून घेतली होती. आणि हा माणूस सगळं जाणून होता!

"तुम्ही लबाड आहात नाना," मी म्हणाले.

"आहे. म्हणून तर आळशी म्हणवून घेतलं. आळशी म्हटलं तर चालेल मला. त्या हात मिळवण्याच्या दिवशी मी लबाड होतो, हे तेवढं साहेबांना कळायला नको." ते उठले. "आता जाऊन सांगणार असलीस तर सांग. मी अडवणार नाही. या वेळी खोटं बोलायची ताकद नाही माझ्यात."

"सांगतेच," मी म्हणाले.

गादी उचलायला मी हात लावला नाही. टेम्पोवाल्याने आणि त्यांनीच सगळं चढवलं.

मी तिथून तडक ऑफिसात गेले. साहेब फोनवर होते, पुण्याच्या माणसाशी बोलत होते. फोन ठेवून म्हणाले, "बोला मथुराबाई. लभडे गेले का? वाईट वाटतं हो. माणूस चांगला होता. शेवटी शेवटी हलगर्जीपणा झाला, एवढंच. पण बायको जाऊन पंधरा दिवस झालेले असताना त्यांनी ते ग्रीन कसं ठेवलं होतं, ते मी विसरणार नाही. मी कमिटीलाही तेच सांगितलं."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तोंड उघडलंही मी.

"आजची रजा पाहिजे होती साहेब," मी म्हणाले. "अंग दुखतंय."

घरी जाऊन झोपले ती दिवेलागणीलाच उठले.

सातवं आम्ही अकरा दिवस खरवडत होतो, एकोणीस बायका. टूर्नामेंटला बाजूच्या गवतात कामचलाऊ भोक पाडून भागवलं. पुण्याचा माणूस आला, त्याला इथलं ऊन सोसेना, पुढच्या उन्हाळ्यात गेला. मग साहेबांनी मला हेडमाळी केलं. कप मी कापते आता. नानांना पुन्हा भेटले नाही. तीन वर्षांनी सिन्नरलाच वारले, असं टेम्पोवाल्याकडून कळलं. दहाव्याला जावंसं वाटलं होतं. साडीसुद्धा काढून ठेवली होती. पण गेले नाही.

अजून कधी कधी नवीन माळी कामाला लागले की जुन्या गप्पा ऐकून येतात. वैशाखात पाइपांची तोंडं साफ करताना हमखास कोणीतरी विचारतो, "मथुराबाई, ते लभडे म्हणजे तेच ना, ज्यांच्या आळसाने सातवं मेलं होतं?"

"हो," मी म्हणते, "तेच."